हलक्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी दुसरी प्रणाली: कोणती निवडावी आणि आधी काय तपासावे?

पानगळ

माझ्याकडे २०१७ साली घेतलेला, साडेबारा इंची पडद्याचा आणि जेमतेम अकराशे ग्रॅम वजनाचा लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १२८ जीबीची एसएसडी आहे. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे ती वाढवण्याचा मार्ग बंद आहे. मी भाषांतराचे काम करते. दिवसभर ब्राउझर, लिबरऑफिस आणि मराठी टंकलेखन एवढाच माझा वापर असतो.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर सहसा स्वीकारत नाही. वाढीव सुरक्षा अद्यतने घेतली तरी घरगुती वापरासाठी ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. यंत्र मात्र धडधाकट आहे. त्याच्या कळफलकाची बोटांना इतकी सवय झाली आहे की, केवळ एका प्रणालीने दार लावले म्हणून ते अडगळीत टाकणे मनाला पटत नाही. लिनक्स मी कधीही वापरलेले नाही. एवढ्या रॅमवर लिनक्सची कोणती डिस्ट्रो (तयार आवृत्ती) नीट चालेल?

दोन_खिडक्या

लुबंटू घ्या. तिचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप अतिशय हलका आहे आणि ४ जीबीवर ती निर्धास्त चालते.

स्थिरचित्त

दोन_खिडक्या यांचा सल्ला चुकीचा नाही, पण माझ्या मते डिस्ट्रोचा प्रश्न पाचव्या क्रमांकाचा आहे आणि त्याआधीचे चार प्रश्न अजून विचारलेच गेलेले नाहीत.

हलक्या आणि जड डेस्कटॉपमध्ये रॅमचा फरक काही शे एमबींचा पडतो. तो फरक खरा आहे, पण ब्राउझरमध्ये भरगच्च पानांचे दोन टॅब उघडले की तेवढी रॅम तिथेच खर्च होते. ब्राउझर जितका विंडोजवर खातो, साधारण तितकाच लिनक्सवरही खातो. त्यामुळे ‘हलकी डिस्ट्रो टाकली की जुने यंत्र नव्यासारखे धावते’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. यंत्र चटकन सुरू होईल, मागच्या मागे चालणारी अद्यतने आणि फायलींची अनुक्रमणिका करणारे कार्यक्रम कमी होतील, पण वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ती सवयच मोडावी लागेल.

ते चार प्रश्न असे: वाय-फाय चालते का, झाकण मिटल्यावर यंत्र खरोखर झोपते का, आवाज आणि माइक चालतात का, आणि व्हिडिओ पाहताना पंखा घोंगावतो का. पातळ लॅपटॉपमध्ये हे सगळे सुटे भाग बोर्डावरच असतात, ते बदलता येत नाहीत आणि डिस्ट्रो बदलून यातला फारच थोडा भाग सुधारतो, कारण हे भाग चालवणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, असतात आणि कर्नल सगळ्या डिस्ट्रोंचा एकच आहे, फार तर कुणाचा थोडा जुना, कुणाचा थोडा नवा.

म्हणून पानगळ, आधी काहीही इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवर प्रणालीची प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवून तीवरूनच यंत्र सुरू करा आणि दोन-तीन दिवस खरे काम तशाच स्थितीत करा. पेनड्राइव्हवरून ते थोडे मंद वाटेल, त्याकडे दुर्लक्ष करा. लाइव्ह सत्रातले काम यंत्र बंद करताच पुसले जाते, म्हणून फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर जतन करत चला. पाहायचे आहे ते फक्त हे चार प्रश्न.

मध्यरात्र

वाय-फायबद्दल स्थिरचित्त यांनी जे म्हटले आहे, ते मी भोगलेले आहे. माझ्या पातळ लॅपटॉपला तारेच्या इंटरनेटसाठी खाचच नव्हती. मी उत्साहाने जुनी प्रणाली पुसून नवी टाकली आणि नंतर लक्षात आले की वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, असा तो फास होता. शेवटी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले आणि दहा मिनिटांत सुटका झाली. हा उपाय तेव्हा कुणी सांगितला असता तर दोन दिवस वाचले असते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो: फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. जवळपास प्रत्येक डिस्ट्रो ते तारेचे जाळे समजून आपोआप जोडून घेते.

परिस्थिती आता पुष्कळ सुधारली आहे. पूर्वी डेबियन या डिस्ट्रोच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर (सुट्या भागांच्या आत चालणारी आज्ञावली) नसायचे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते आतच मिळते. पानगळ यांच्या यंत्रात इंटेलचेच वाय-फाय असेल तर त्यांना काहीच करावे लागणार नाही.

नीलमोहोर

मी क्रोमबुकवर हा प्रयोग केला आहे आणि तो मार्ग थोडा निराळा असल्यामुळे सविस्तर लिहिते, कारण हा धागा वाचणाऱ्या काहींकडे तसे यंत्र असेल.

क्रोमबुकच्या अपडेटना ठरावीक मुदत असते. माझ्या यंत्राची मुदत संपली, पण बॅटरी आणि पडदा उत्तम होता. त्यातले फर्मवेअर कोअरबूटवर आधारलेले असते आणि दुसरी प्रणाली थेट सुरू करण्याची मुभा ते सहसा देत नाही. आधी डेव्हलपर मोड चालू करावा लागतो आणि त्याच क्षणी यंत्रातला सगळा विदा पुसला जातो. त्यानंतर फर्मवेअर बदलायचे तर लेखन-संरक्षण काढावे लागते. जुन्या यंत्रांत हे संरक्षण म्हणजे बोर्डावरचा एक स्क्रू असतो. मी मागचे झाकण उघडले तेव्हा तो कोणता हे ओळखायलाच वेळ लागला: बाकीचे स्क्रू बोर्ड नुसता धरून ठेवतात, याच्या भोवतीची तांब्याची चकती मात्र दोन भागांत कापलेली असते आणि स्क्रूचे डोके ते दोन भाग जोडते. तो काढला की संरक्षण उठते.

इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात झाले. आवाजाने मात्र आठवडा घेतला. क्रोमबुकमधल्या ध्वनी-चिपना वेगळे फर्मवेअर आणि वेगळ्या मांडणीच्या फायली लागतात, त्या नसतील तर स्पीकर मुके राहतात आणि हेडफोनही. साठवण ३२ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरचीच साधी साठवण-चिप, होती, त्यात प्रणाली आणि कामाच्या फायली एवढेच मावले. कॅप्स लॉकच्या जागी शोध-कळ असते, तिला मी सवयीने कॅप्स लॉक नेमून दिले.

आज ते यंत्र रोज वापरात आहे आणि मला समाधान आहे. पण कुणी विचारले की हे करावे का, तर मी आधी एकच विचारीन: तुमच्या नेमक्या मॉडेलवर आवाज चालल्याचे कुणी लिहून ठेवले आहे का?

दोन_खिडक्या

नीलमोहोर, हे वाचून माझा सल्ला मीच थोडा बदलतो. स्थिरचित्त यांचा मुद्दा मान्य आहे. तरीही ४ जीबीत काही शे एमबी म्हणजे दहावा हिस्सा असू शकतो आणि रॅम सोल्डर केलेली असताना तो सोडून का द्यावा?

स्थिरचित्त

सोडू नये, हे बरोबर आहे. फक्त पाठिंब्याची मुदतही मोजा. लुबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षे अद्यतने मिळतात, म्हणजे २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत. लिनक्स मिंट २२ त्याच पायावर (उबंटू २४.०४) उभी आहे, पण तिला २०२९ पर्यंत अद्यतने आहेत आणि तिची एक्सएफसीई या डेस्कटॉपची आवृत्ती जवळपास तितकीच हलकी आहे. पाठिंबा संपला म्हणून प्रणाली बदलायला निघालेल्या माणसाला २०२७ मध्ये पुन्हा त्याच दारात उभे करणे मला योग्य वाटत नाही.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. आज मिंटची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवली. वाय-फाय पहिल्याच फटक्यात जोडले गेले. आता दोन शंका आहेत. विंडोज बाजूला ठेवून दोन्ही प्रणाली नांदवाव्यात का? आणि मराठी टंकलेखनाचे काय? माझा हात इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलक-मांडणीवर बसलेला आहे आणि माझ्या कामात तडजोड चालणार नाही.

टंकसेवक

पानगळताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण गेली अनेक वर्षे मी लिनक्सवरच मराठी लिहीत आहे.

इनस्क्रिप्टसाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. कळफलकांच्या यादीत भारतीय भाषांच्या गटात मराठी सापडते, ती जोडायची आणि इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एखादी कळ नेमायची. ज्यांना उच्चारानुसार रोमन अक्षरांतून लिहायचे आहे त्यांनी आयबस आणि एम-सतरा-एन हे दोन पॅकेज घ्यावेत.

तपासायची जागा वेगळी आहे. ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द लिहून पाहा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबली की नुक्ता असलेला ऱ उमटतो, त्याला हलन्त जोडून ‘य’ किंवा ‘ह’ लिहिले की अर्धचंद्री रफार मिळतो. साधा र, हलन्त आणि य लिहिल्यास ‘सुर्या’ असे वर चढलेले रफार येते आणि तो वेगळाच शब्द होतो. तुम्हाला हे ठाऊक असणारच, पण नव्या यंत्रावर फॉन्ट ते नीट जोडतो का हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे.

दुसरी जागा म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे असे दोन्ही आकार असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावरच फॉन्ट मराठी आकार पुढे करतो. लिबरऑफिसच्या भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसाठी हिंदी निवडलेली असेल तर ती बदलून मराठी करा. मी कितीतरी लोकांना ‘लिनक्सवर मराठी हिंदीसारखी दिसते’ अशी तक्रार करताना ऐकले आहे आणि दर वेळी हीच एक नोंद बदलायची राहिलेली होती.

आणि एक कळकळीची विनंती: युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायली असतील तर विंडोज पुसण्याआधी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, किंवा निदान ते फॉन्ट तरी जपून ठेवा. त्या फायलींमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. फॉन्ट गेला की वर्षानुवर्षांचे लेखन निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन समोर येते.

मध्यरात्र

‘सुर्या’ आणि ‘सुऱ्या’ हे उदाहरण मी जपून ठेवतो आहे, टंकसेवककाका.

शब्दवेध

पहिल्या शंकेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. १२८ जीबीच्या डिस्कवर दोन प्रणाली नांदवणे शक्य आहे, पण दोघींची कुचंबणा होते. तरीही करायचे असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली म्हणजे विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ते अर्धवट झोपते, आणि त्यामुळे लिनक्स ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही. दुसरी म्हणजे बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क-कुलपाची) पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्या. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती ४८ अंकी किल्ली मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर विदा आत अडकून पडतो. तिसरी म्हणजे इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही तर घाबरू नका. काही हलक्या लॅपटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या ‘रेड’ या जोडणी-पद्धतीने लावलेली असते आणि बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीत, ती ‘एएचसीआय’ या साध्या पद्धतीवर आणावी लागते. मात्र तसा बदल थेट केला तर विंडोज सुरू होत नाही. बदलानंतर एकदा ते सेफ मोडमध्ये सुरू करावे लागते. चौथी गोष्ट किरकोळ आहे: विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ धरते, त्यामुळे घड्याळ काही तासांनी पुढे-मागे दिसेल. एका आज्ञेने ते जुळते.

या सगळ्याच्या आधी बॅकअप हवा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला हवा.

अनाहत

थोडा विरोधी सूर लावतो. प्रत्येकाने लिनक्सकडे जावेच असे मला वाटत नाही. डिजिटल स्वाक्षरीची काही साधने, ऑनलाइन परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या काही आज्ञावल्या आणि भाषांतराच्या क्षेत्रातलीही काही व्यावसायिक साधने फक्त विंडोजवर चालतात. ग्राहकाने अशाच साधनाचा आग्रह धरला तर पानगळ काय करतील? ४ जीबीत व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवणे व्यवहार्य नाही. माझ्या एका नातलगाने हौसेने बदल केला आणि महिन्याभरात एका फॉर्मसाठी परत आला.

पानगळ

अनाहत, हा मुद्दा योग्य वेळी आला. मी माझ्या कामाची यादी करून पाहिली. माझे भाषांतर-साधन ओमेगा-टी आहे आणि ते जावावर चालत असल्याने लिनक्सवरही मिळते. एका ग्राहकाचे काम ब्राउझरमध्येच होते. फक्त विंडोजवर चालणारे माझ्याकडे एकच काम आहे, ते वर्षातून दोनदा येते आणि घरातल्या दुसऱ्या संगणकावर होऊ शकते.

अनाहत

मग माझा आक्षेप मी मागे घेतो. यादी आधी केली, हे फार चांगले केले.

शून्यप्रहर

झोपेबद्दल स्थिरचित्त यांच्या एका प्रश्नापलीकडे अजून कुणी लिहिले नाही आणि हलक्या लॅपटॉपमध्ये माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. यंत्र लहान, म्हणजे बॅटरी लहान. झाकण मिटून ते पिशवीत ठेवले आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळाली, तर त्या हलकेपणाचा उपयोग काय?

निद्रेचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात, ज्याला एस-थ्री म्हणतात, रॅमला तेवढी वीज मिळते आणि बाकी सगळे बंद होते. नव्या प्रकारात यंत्र वरवर झोपते, पण प्रोसेसर पूर्ण तुटत नाही, आणि एखादा घटक जागा राहिला तर रात्रभर वीज गळत राहते. नव्या यंत्रांतून एस-थ्री बऱ्याचदा काढूनच टाकलेले असते. सातव्या पिढीच्या पुष्कळ यंत्रांत मात्र ते शिल्लक आहे. सिस्टिमच्या ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’ उपफोल्डरात ‘मेम-स्लीप’ नावाची छोटी फाइल आहे. तीत ‘डीप’ हा शब्द दिसला तर एस-थ्री उपलब्ध आहे, आणि चौकटी कंस त्याच शब्दाभोवती असेल तर तेच वापरात आहे. कंस दुसऱ्या शब्दाभोवती असेल तर कर्नलच्या बूट-पर्यायांत बदल करून तो हलवता येतो.

चाचणी सोपी आहे: रात्री बॅटरीचा टक्का लिहून ठेवा, झाकण मिटा, सकाळी पुन्हा पाहा.

नीलमोहोर

शून्यप्रहर, दिवसा वापरतानाची बॅटरी वाढवण्यासाठी टीएलपी ही वीज वाचवणारी आज्ञावली टाकावी का?

शून्यप्रहर

टाकता येईल, त्याची मूळ मांडणी समंजस आहे. फक्त पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही विजेचा वापर ठरवणारी सेवा आधीच चालू असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नका, कारण दोघेही त्याच गोष्टी आपापल्या पद्धतीने बदलू पाहतात.

स्थिरचित्त

आता रॅमकडे येतो. ४ जीबी रॅम असेल तर झेडरॅम सुरू करावेच. त्यात रॅमचाच एक भाग संकुचित स्वॅप (रॅम भरली की वापरायची, एरवी डिस्कवर असणारी जादा जागा) म्हणून वापरला जातो. क्वचित लागणारी पाने डिस्कवर न पाठवता दाबून तिथेच ठेवली जातात आणि गरज पडल्यावर मायक्रोसेकंदांच्या हिशेबात परत मिळतात. फेडोराने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हे मुळातच चालू ठेवले आहे आणि क्रोमओएसही तसेच करते. मिंटमध्ये मात्र ते स्वतः जोडावे लागते.

दोन_खिडक्या

एसएसडीवर स्वॅप ठेवल्याने ती झिजते, म्हणून स्वॅपच ठेवू नये असे वाचले होते.

स्थिरचित्त

ईएमएमसीच्या बाबतीत जपून राहणे योग्य आहे. साध्या एसएसडीवर नेहमीच्या वापरात ती भीती अवास्तव आहे. स्वॅप अजिबात नसेल तर रॅम भरल्यावर आधी यंत्र गोठते आणि मग कर्नल एखादा कार्यक्रम मारून टाकतो. तो कार्यक्रम म्हणजे नेमका तुमचा न जतन केलेला मजकूर असू शकतो. झेडरॅम पुढे आणि छोटी स्वॅप-फाइल मागे, अशी मांडणी मी सुचवीन.

शब्दवेध

व्हिडिओचा प्रश्न राहिला. व्हीपी-नाइन आणि एव्ही-वन हे व्हिडिओ दाबून पाठवण्याचे दोन प्रकार आहेत. सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी-नाइन उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे, पण एव्ही-वन उलगडण्याची नाही. ती अकराव्या पिढीपासून आली. एखाद्या संकेतस्थळाने एव्ही-वन पाठवले की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घोंगावू लागतो. फायरफॉक्समध्ये लिनक्सवरच्या इंटेल चिपसाठी हार्डवेअर उलगडणी २०२३ मधल्या ११५ व्या आवृत्तीपासून मुळातच चालू आहे. त्यामुळे ब्राउझरला एव्ही-वन घेऊ नये एवढेच सांगितले, की फरक कानाने ऐकू येतो.

पानगळ

तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण प्रश्न विचारून गप्प बसणे बरे नाही.

पहिले चार दिवस पेनड्राइव्हवरच काम केले. मग बॅकअप घेतला, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला आणि विंडोज पूर्ण पुसून मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. डिस्क लहान असल्याने दोन प्रणालींचा विचार सोडून दिला. त्याआधी टंकसेवककाकांच्या विनंतीमुळे जुने फोल्डर उघडले, तर २००६ ते २००९ मधल्या साठेक फायली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये निघाल्या. त्या रूपांतरित करायला एक रविवार गेला. त्यांत माझ्या वडिलांनी सांगितलेल्या आणि मी टंकलेल्या आठवणी आहेत. त्या फायली गमावल्या असत्या तर मला ते कळायलाही बहुधा अनेक वर्षे लागली असती.

‘मेम-स्लीप’ मध्ये कंस ‘डीप’ भोवतीच होता. रात्री ८१ टक्के, सकाळी ७९. झेडरॅम जोडले आहे. ओमेगा-टी, लिबरऑफिस आणि सात-आठ टॅब एकत्र चालतात. पंधराच्या पुढे गेले की ओढाताण जाणवते, हे स्थिरचित्त यांनी सांगितले तसेच आहे. ‘ल’ आणि ‘श’ आधी हिंदी वळणाचेच दिसले, भाषेची नोंद बदलताच जागेवर आले. एव्ही-वन बंद केल्यापासून व्हिडिओ पाहताना पंखा फिरतो की नाही हे कान लावून ऐकावे लागते.

एकच गोष्ट चालत नाही: बोटाचा ठसा वाचणारा संवेदक. यादीत तो दिसतो, पण ठसा नोंदवू देत नाही. त्यावर काही उपाय आहे का?

मध्यरात्र

ठसा-संवेदकांचे ड्रायव्हर बनवणाऱ्या लिबएफप्रिंट प्रकल्पाची आधार असलेल्या उपकरणांची यादी पाहा. टर्मिनलमध्ये यूएसबी उपकरणांची यादी काढली की प्रत्येकासमोर चार-चार चिन्हांच्या दोन ओळख-संख्या दिसतात. तुमच्या संवेदकाची जोडी त्या यादीत नसेल तर सध्या तरी पासवर्डच टंकावा लागेल.

पानगळ

पाहिली. नाही त्या यादीत. पासवर्ड टंकीन.